भाकड नव्हे, म्हैस रात्र मोजतेय! उन्हाळ्यात माज का दिसत नाही? समजून घ्या जनावरांच्या शरीरातलं 'कॅलेंडर'

नागपूर : मे महिन्यात मनीषनगरातल्या अनेक दारांत सकाळी एक संवाद ठरलेला असतो. 'आज अर्धा लिटर कमी का?' असं विचारलं की दुचाकीला कॅन बांधून आलेला दूधवाला सांगतो, 'म्हशी आटल्या आहेत.' पिशवीचं दूध घेणाऱ्यांच्या कानावर हे पडत नाही, पण दूध संकलन करणाऱ्यांच्या भाषेत याला नाव आहे. हिवाळ्याच्या आसपासचा दूध भरपूर असणारा तो 'पुष्ट काळ' आणि उन्हाळ्यातला हा 'कृश काळ'.

शहराच्या कडेला आणि पुढे गावांतल्या गोठ्यांमध्ये याच दिवसांत आणखी एक निर्णय होत असतो. एखादी म्हैस तीन-चार महिने माजावर आलेली दिसत नाही. खाणं चालू, दूध बंद. घरात चर्चा होते, 'भाकड दिसते, विकून टाकू.' मिळेल त्या भावात ती जाते. त्यातली एखादी म्हैस खरोखरच आजारी किंवा वांझ असू शकते. पण बऱ्याच जणींच्या बाबतीत बिघाड काहीच नसतो. दिवाळीच्या आसपास, रात्री मोठ्या व्हायला लागल्या की त्या पुन्हा माजावर येणार असतात.

म्हशीला दिवाळी कशी कळते? तिच्याकडे पंचांग नाही, मोबाइल नाही. तिच्याकडे आहे तो एक हार्मोन, जो फक्त अंधारात तयार होतो.

थोडक्यात काय?

• म्हैस, मेंढी, हरीण, हॅमस्टर असे अनेक सस्तन प्राणी वर्षातल्या ठराविक काळातच प्रजननक्षम असतात.
• कोणता ऋतू चालू आहे, हे त्यांचं शरीर मुख्यतः रात्रीच्या लांबीवरून ओळखतं.
• रात्रीची लांबी शरीरभर पोहोचवणाऱ्या हार्मोनचं नाव मेलाटोनिन.
• म्हैस ही 'लहान दिवसांची' प्रजननकर्ती आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर ते जानेवारी-फेब्रुवारी हा तिचा मुख्य हंगाम.
• उन्हाळ्यातला न दिसणारा माज म्हणजे कायमचं वांझपण नव्हे.

नागपुरात दिवस असा किती बदलतो?

नागपूर साधारण २१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनच्या आसपास इथे सूर्य पहाटे साडेपाचच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सातच्या आत-बाहेर मावळतो. दिवस होतो सुमारे १३ तास २५ मिनिटांचा. २१ डिसेंबरच्या आसपास पावणेसातला उजाडतं आणि साडेपाच-पावणेसहाला मावळतं. दिवस जेमतेम १० तास ५० मिनिटांचा. म्हणजे सर्वांत मोठ्या आणि सर्वांत लहान दिवसात फरक सुमारे २ तास ३५ मिनिटांचा.

लंडनमध्ये हाच फरक साडेआठ तासांहून जास्त आहे. त्यामुळे 'आपल्याकडे दिवस-रात्रीत असा काय मोठा फरक पडतो?' असं वाटू शकतं. पण प्राण्यांचं शरीर यापेक्षा बरंच बारीक मोजमाप करतं. प्रयोगशाळेत खूप अभ्यासला गेलेला सीरियन हॅमस्टर हा उंदरासारखा लहान प्राणी घ्या. त्याला रोज साडेबारा तास उजेड मिळाला तर त्याची प्रजननक्षमता टिकते. उजेड १२ तासांवर आणला की काही आठवड्यांत त्याचे वृषण आकसायला लागतात. निर्णय अर्ध्या तासाच्या फरकावर. नागपूरचा वर्षभरातला फरक त्याच्या पाचपट आहे.

मार्च आणि सप्टेंबरमध्ये, जेव्हा बदल सर्वांत वेगाने होतो, तेव्हाही नागपुरात दिवस रोज फक्त सव्वा मिनिटाने लांबतो किंवा आखडतो. आपल्या लक्षातही येत नाही. शरीराला मात्र रोजचा हिशेब जोडत जायचा असतो, आणि तो चुकत नाही.

पण उन्हावरून किंवा पावसावरून का नाही ओळखत?

कारण हवामान बेभरवशाचं आहे. फेब्रुवारीत गारपीट होते, मे महिन्यात वादळी पाऊस येतो, मान्सून कधी आठवडाभर आधी येतो तर कधी रेंगाळतो. यावर विसंबून दहा महिन्यांनंतर होणाऱ्या पिल्लाचा बेत आखणं धोक्याचं. दिवसाची लांबी मात्र दरवर्षी त्या तारखेला तेवढीच असते. यंदाचा १० ऑक्टोबर आणि हजार वर्षांपूर्वीचा त्याच मोक्याचा दिवस, दोन्हींची लांबी जवळपास सारखीच.

म्हैस सुमारे ३१० दिवस, म्हणजे दहा महिने आणि थोडे दिवस गाभण असते. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात गाभण राहिली तर ती सप्टेंबरच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात विते. तेव्हा पावसाळा होऊन गेलेला असतो, बांधावर हिरवं गवत असतं, डबकी भरलेली असतात. रेडकू जगण्याची शक्यता जास्त. तीच म्हैस मे महिन्यात गाभण राहिली तर मार्चमध्ये वितेल आणि तिला सर्वांत जास्त चारा लागेल तेव्हा रानात काडीही नसेल. गोठा, पेंड आणि बोअरवेल येण्याच्या कितीतरी आधी, रानात चरणाऱ्या तिच्या पूर्वजांमध्ये ज्यांचं हे गणित जुळलं त्यांची पिल्लं जगली. आजची मुऱ्हा असो वा आपली नागपुरी, तेच गणित घेऊन गोठ्यात उभी आहे.

डोळा ते मेंदू : ही वायरिंग नेमकी कशी?

सुरुवात डोळ्यापासून होते, पण पाहण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या पेशी या कामात मुख्य नाहीत. दृष्टिपटलात थोड्या वेगळ्या पेशी असतात. त्यांच्यात मेलानोप्सिन नावाचं रंगद्रव्य असतं. त्या चित्र पाहत नाहीत, उजेड आहे की नाही आणि किती आहे एवढंच कळवतात. २००२ मध्ये या पेशी स्वतःहून प्रकाशाला प्रतिसाद देतात, हे सिद्ध झालं.

त्यांची तार थेट मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमसमधल्या एका इवल्याशा केंद्राकडे जाते. त्याचं लघुनाव एससीएन. हे शरीराचं मुख्य घड्याळ. १९७२ मध्ये उंदरांमधलं हे केंद्र काढल्यावर त्यांचं झोपणं-जागणं विस्कळीत झाल्याचं दिसलं आणि घड्याळाचा पत्ता लागला. हे घड्याळ अंधाऱ्या खोलीतही साधारण २४ तासांच्या लयीत चालतं. रोजचा उजेड फक्त त्याची वेळ जुळवून देतो. त्याच्या आतली जनुकांची यंत्रणा माश्यांवर अभ्यासून उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग यांना २०१७ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

घड्याळाकडून निघालेला संदेश मानेतल्या मज्जातंतूंच्या गाठीतून वळसा घेऊन पुन्हा डोक्यात, पिनियल ग्रंथीपर्यंत पोहोचतो. माणसात ही ग्रंथी तांदळाच्या दाण्याएवढी असते. ती रात्री मेलाटोनिन तयार करते आणि उजाडलं की थांबते.

येल विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ ॲरन लर्नर यांनी १९५८ मध्ये गायी-बैलांच्या पिनियल ग्रंथींमधून हा पदार्थ वेगळा केला. ते शोधत होते त्वचेच्या रंगाशी संबंधित काहीतरी. हाती लागलं ऋतूंचं कॅलेंडर, पण ते कळायला आणखी काही वर्षं जावी लागली. १९६५ मध्ये हॉफमन आणि राइटर या संशोधकांनी हॅमस्टरना जवळपास पूर्णवेळ अंधारात ठेवलं. त्यांचे वृषण आकसले. पण ज्यांची पिनियल ग्रंथी आधीच काढली होती, त्यांच्यात तसा बदल झाला नाही. अंधार होता, पण 'अंधार आहे' हे सांगणारा कोणी उरला नव्हता.

मेलाटोनिन किती, यापेक्षा किती वेळ?

मुख्य मुद्दा इथे आहे. ऋतू ओळखण्यासाठी मेलाटोनिनचं प्रमाण तितकं महत्त्वाचं नसतं, ते रात्री किती तास स्रवलं हे महत्त्वाचं. इलेक्ट्रॉनिक्स शिकलेल्यांना हे लगेच कळेल : माहिती सिग्नलच्या उंचीत नाही, त्याच्या रुंदीत आहे. डिसेंबरच्या नागपुरात रात्र १३ तासांची, म्हणून मेलाटोनिनची लाट लांब. जूनमध्ये रात्र साडेदहा तासांची, म्हणून लाट आखूड.

१९८० च्या दशकात मेंढ्या आणि हॅमस्टरवर झालेल्या प्रयोगांनी हे पक्कं केलं. पिनियल काढलेल्या प्राण्यांना बाहेरून ठराविक तास मेलाटोनिन दिलं गेलं. जास्त तास दिलं तर शरीर हिवाळा समजून वागलं, कमी तास दिलं तर उन्हाळा. खोलीत प्रत्यक्षात दिवा किती वेळ चालू होता, याने फरक पडला नाही.

मग प्रश्न येतो, मार्च आणि सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखीच असते, तेव्हा गोंधळ होत नाही का? होत नाही, कारण शरीर मागचे आठवडेही लक्षात ठेवतं. लाट आधीपेक्षा लांब होत चालली आहे की आखूड, यावरून दिशा कळते. हॅमस्टरसारख्या काही प्राण्यांत तर आईच्या रक्तातलं मेलाटोनिन पोटातल्या पिल्लापर्यंत जातं. पिल्लू जन्माला येतं तेच बाहेर दिवस वाढताहेत की कमी होताहेत याची माहिती घेऊन.

थायरॉइडचं इथे काय काम?

मेलाटोनिन हा निरोप्या. निरोप वाचला जातो तो मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या वरच्या, देठासारख्या भागात. इथे मेलाटोनिन ओळखणाऱ्या पेशी दाटीने असतात. रात्र लहान झाली, लाट आखूड झाली की या पेशी टीएसएच बनवतात.

टीएसएच हे नाव थायरॉइडची रक्ततपासणी केलेल्या प्रत्येकाने रिपोर्टवर पाहिलेलं असतं. पण इथलं टीएसएच गळ्यातल्या थायरॉइडकडे जात नाही. ते शेजारच्या हायपोथॅलॅमसमध्ये जातं आणि तिथे थायरॉइड हार्मोनचं सक्रिय रूप, म्हणजे टी-३, वाढवतं. दिवस लहान झाले की उलट होतं आणि त्या भागातलं टी-३ घटतं. बाकी शरीरातलं थायरॉइडचं प्रमाण नेहमीसारखं राहूनही मेंदूच्या या कोपऱ्यात 'उन्हाळा' किंवा 'हिवाळा' तयार होतो. २००८ च्या सुमारास जपानी लावा पक्षी, उंदीर आणि मेंढ्या यांच्यावरच्या संशोधनातून ही साखळी स्पष्ट झाली. पक्ष्यांमधल्या कामात नागोया विद्यापीठातल्या ताकाशी योशिमुरा यांच्या गटाचा मोठा वाटा होता.

टी-३ मधला हा बदल किसपेप्टिन नावाचा संदेश बनवणाऱ्या चेतापेशींपर्यंत पोहोचतो. त्या पुढे पिट्युटरीला हुकूम देतात आणि पिट्युटरी अंडाशयाला किंवा वृषणाला. साखळीच्या शेवटच्या टोकाला गोठ्यात म्हैस माजावर येते. किंवा येत नाही.

सिग्नल एकच, मग अर्थ दोन कसे?

हॅमस्टर मोठ्या दिवसांत प्रजनन करतो, मेंढी आणि म्हैस लहान दिवसांत. गंमत म्हणजे दोघांमध्येही मेलाटोनिनची लाट सारखीच बदलते आणि टी-३ सुद्धा उन्हाळ्यात वाढतं, हिवाळ्यात घटतं. फरक पडतो तो पुढच्या टप्प्यावर. हॅमस्टरमध्ये वाढलेलं टी-३ प्रजननाला 'चालू' म्हणतं, मेंढीत तेच 'बंद' म्हणतं.

याचं उत्तर गर्भकाळात आहे. हॅमस्टरची पिल्लं अवघ्या १६ दिवसांत जन्मतात, म्हणून वसंतात जुळलं की वसंतातच पिल्लं. मेंढीचा गर्भकाळ पाच महिन्यांचा, म्हणून वसंतात कोकरू हवं तर शरदात सुरुवात करावी लागते. दोघांचं ध्येय एकच : पिल्लू जन्मेल तेव्हा चारा असावा.

त्याच गोठ्यातली गाय मात्र वर्षभर माजावर येते. मराठवाड्यातली उस्मानाबादी शेळीही जवळपास वर्षभर विते. म्हणून 'गाय फळली, मग म्हैस का नाही?' ही तुलनाच चुकीची ठरते. दोघींच्या शरीरात बसवलेली कॅलेंडरं वेगळी आहेत.

म्हशीला रात्र थांबवते की ऊन?

खरं उत्तर : दोन्ही. म्हशीची काळी कातडी उष्णता शोषते, घामाच्या ग्रंथी तिला गायीपेक्षा कमी असतात. ४५ अंशांच्या पुढे पारा गेला की ती खाते कमी, धापा टाकते. तिच्या रक्तात उन्हाळ्यात प्रोलॅक्टिन हा हार्मोन वाढलेला असतो. माज आला तरी तो 'मुका' असतो, म्हणजे आत बीज तयार होतं पण बाहेर लक्षणं जवळपास दिसत नाहीत. हिरवा चारा नसतो. हे सगळं मिळून उन्हाळा तिच्यासाठी अवघड होतो.

पण फक्त ऊन कारण असतं तर दोन गोष्टींचा उलगडा झाला नसता. पहिली गोष्ट ब्राझीलची. भारतातून गेलेल्या मुऱ्हा आणि जाफराबादी वंशाच्या म्हशी तिथे आहेत. ब्राझीलच्या दक्षिणेकडच्या भागात, विषुववृत्ताच्या पलीकडे, त्यांचा हंगाम उलटा झाला. तिथला शरद फेब्रुवारीनंतर सुरू होतो, तेव्हा त्या माजावर येतात. आणि विषुववृत्ताजवळच्या ॲमेझॉन खोऱ्यात, जिथे दिवस-रात्र वर्षभर जवळपास सारखी, तिथे त्या बारा महिने फळतात. वंश तोच, पण रात्र बदलली तसं कॅलेंडर बदललं.

दुसरी गोष्ट पंजाबची. लुधियानाच्या पशुवैद्यकीय विद्यापीठातल्या संशोधकांनी उन्हाळ्यात माजावर न येणाऱ्या वगारींच्या कातडीखाली मेलाटोनिनच्या हळूहळू विरघळणाऱ्या कांड्या बसवल्या. बाहेर उन्हाळाच होता, पण शरीराला लांब रात्रीचा निरोप मिळाला आणि त्यांच्यात बीजांडचक्र सुरू झालं. २०१० मध्ये हे संशोधन प्रसिद्ध झालं. मेंढ्यांसाठी अशा कांड्या काही देशांत अनेक वर्षांपासून वापरात आहेत.

इटलीत उलटी अडचण

पिझ्झावरचं खरं मोझरेला चीज म्हशीच्या दुधाचं. दक्षिण इटलीतल्या म्हशीही आपल्यासारख्याच शरदात फळतात. पण मोझरेलाला मागणी असते ती वसंत आणि उन्हाळ्यात. दूध येतं एका वेळी, गिऱ्हाईक येतं दुसऱ्या वेळी. आपल्याकडेही ताक, लस्सी, आइस्क्रीम आणि लग्नसराई उन्हाळ्यात, आणि दूध मुबलक हिवाळ्यात.

तिथल्या पशुपालकांनी उपाय काढला तो साधा. शरदात रेड्यांना कळपापासून दूर ठेवायचं आणि वसंतात सोडायचं. पण त्याची किंमत आहे. हंगामाविरुद्ध गाभण राहण्याचं प्रमाण कमी राहतं आणि कळपाची घडी बसायला काही वर्षं जातात. कॅलेंडर ढकलता येतं, फाडून टाकता येत नाही.

वटवाघूळ आणि चितळ काय सांगतात?

विदर्भात हा विषय नवा नाही. नागपूरच्या विज्ञान संस्थेतले प्राणिशास्त्रज्ञ ए. गोपाळकृष्ण यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीपासून पुढे अनेक वर्षं मध्य भारतातल्या वटवाघळांच्या प्रजननाचा अभ्यास केला. मेगाडर्मा लायरा या मोठ्या कानांच्या वटवाघळाचा हंगाम त्यांना काटेकोर आढळला : मीलन नोव्हेंबरच्या सुमारास, पिल्लं एप्रिलच्या सुमारास. टॅफोझोअस लाँगिमॅनस ही दुसरी जात मात्र वर्षभर वीत असल्याचं त्यांनी १९५५ मध्ये दाखवलं. आकाश तेच, रात्र तीच, पण एका जातीने कॅलेंडर पाळलं आणि दुसरीने नाही.

वाराणसीच्या बनारस हिंदू विद्यापीठात चंदना हलदार यांच्या प्रयोगशाळेने खारीवर असंच दीर्घकाळ काम केलं. पाठीवर पाच पट्टे असलेल्या या खारीत पिनियल ग्रंथी सक्रिय असते तेव्हा प्रजनन थंडावतं आणि प्रजनन जोरात असतं तेव्हा पिनियल शांत, असं त्यांच्या अभ्यासात दिसलं.

पेंच किंवा ताडोब्याच्या सफारीत आणखी एक गोष्ट पाहता येते. एकाच कळपात एका चितळ नराची शिंगं मखमली कातडीखाली वाढत असतात, दुसऱ्याची पूर्ण टणक झालेली असतात. उष्ण प्रदेशातल्या चितळांचं चक्र असं सैल. याउलट जपानकडचं सिका हरीण प्रकाशाचं पक्कं गुलाम. रिचर्ड गॉस या अमेरिकी संशोधकाने १९६० च्या दशकात दिव्यांच्या साहाय्याने वर्षभराचा प्रकाशक्रम सहा महिन्यांत बसवला, तर त्या हरणांनी वर्षातून दोनदा शिंगं गाळली आणि दोनदा उगवली.

प्रकाशच बदलला नाही तर? कायम सारख्या उजेडात ठेवलेल्या मेंढ्यांमध्येही साधारण वर्षभराचं चक्र चालूच राहिलं. फक्त तारखा घसरत गेल्या. म्हणजे कॅलेंडर शरीरात मुळातच आहे. रात्रीची लांबी त्याला दरवर्षी पुन्हा जागेवर आणते.

रात्रभर दिवे असतील तर?

मेलाटोनिन अंधारात बनतं, म्हणजे रात्री पुरेसा उजेड पडला तर ते थांबतं. याचा परिणाम मोकळ्या रानातही दिसला आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या गार्डन बेटावर नौदलाचा तळ आहे आणि तिथेच टॅमर वॉलबी हे लहान कांगारूसारखे प्राणी राहतात. पाच वर्षांच्या अभ्यासात तळाच्या दिव्यांजवळ राहणाऱ्या माद्यांमध्ये मेलाटोनिन कमी आढळलं आणि त्यांची पिल्लं अंधाऱ्या भागातल्या माद्यांपेक्षा सुमारे महिनाभर उशिरा जन्मली. हे संशोधन २०१५ मध्ये प्रसिद्ध झालं.

मनीषनगर ते बेसा या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत शेतांच्या जागी इमारती, पथदिवे आणि दुकानांचे एलईडी फलक आले. शहराची कड जिथे गोठ्याला भिडते तिथे रात्रभर चेहऱ्यावर पडणारा प्रखर दिवा टाळणं शहाणपणाचं. धार काढायला दिवा हवाच, पण काम झालं की तो बंद करायला खर्च येत नाही. दुभत्या गायींना रोज १६ तास उजेड दिल्यास दूध वाढतं, हे सिद्ध झालेलं आहे. मात्र ते गायीचं गणित. लांब रात्रीची वाट पाहणाऱ्या म्हशीला ते जसंच्या तसं लावू नये.

भाकड ठरवण्याआधी काय पाहाल?

• माज रात्री शोधा. उन्हाळ्यात म्हशीचा माज रात्री उशिरा किंवा पहाटे दिसतो. गायीसारखं दुसऱ्या जनावरावर चढणं म्हशीत कमीच. काचेसारखा पारदर्शक, चिकट सोट, वारंवार लघवी, अस्वस्थपणा, हंबरणं, अचानक कमी झालेलं दूध, ही लक्षणं पाहा.
• तारीख लिहून ठेवा. माजाचं चक्र साधारण २१ दिवसांचं. एक माज हुकला की तीन आठवडे गेले. भिंतीवरच्या कॅलेंडरवर केलेली खूण पुढच्या वेळी कामाला येते.
• अंग थंड ठेवा. डुंबायला डबकं नसेल तर दुपारी दोन-तीनदा पाणी मारा, सावली आणि वारा द्या. हिरवा चारा आणि क्षार मिश्रण चालू ठेवा.
• आधी तपासणी, मग निर्णय. म्हैस गाभण असूनही 'माजावर येत नाही' म्हणून विकली गेल्याची चूक होऊ शकते. गर्भाशयाचा दाह, कुपोषण किंवा जंत हीही कारणं असतात. पशुवैद्यकाच्या तपासणीत हे कळतं.
• हार्मोनचं इंजेक्शन स्वतःच्या मनाने नको. कोणत्या टप्प्यावर कोणता हार्मोन द्यायचा, हे अंडाशयाची स्थिती पाहूनच ठरतं.
• नोव्हेंबर वाया घालवू नका. सप्टेंबर ते फेब्रुवारी हा म्हशीचा स्वतःचा हंगाम. या काळात माज ओळखून वेळेत रेतन केलं तर उन्हाळ्यात झगडावं लागत नाही. हा हंगाम हुकला तर पुढचे अनेक महिने चाऱ्याचा खर्च चालू आणि दूध शून्य.

आणि माणसाचं काय?

माणूस वर्षभर प्रजननक्षम असतो, त्यामुळे म्हशीचा नियम आपल्याला लागू नाही. पण यंत्रणा पूर्ण पुसली गेलेली नाही. १९९० च्या दशकात अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत टॉमस वेर यांनी स्वयंसेवकांना रोज १४ तास अंधारात ठेवलं. काही आठवड्यांत त्यांच्या मेलाटोनिनची लाटही लांबली. आपण ती लाट वर्षभर ट्यूबलाइट आणि मोबाइलच्या स्क्रीनने एकाच मापाची करून टाकली आहे. झोपेसाठी ऑनलाइन मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या म्हणजे याच निरोप्याची बाहेरून केलेली नेमणूक. त्या घ्यायच्या की नाहीत, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

मग पुढच्या मे महिन्यात?

मनीषनगरात पुढच्या उन्हाळ्यातही दूध कमी पडेल आणि 'म्हशी आटल्या' हेच उत्तर मिळेल. ते उत्तर खरं आहे, फक्त अर्धं आहे. गेल्या शरदात व्यायलेल्या म्हशींचं दूध उतरणीला लागलेलं असतं आणि नव्याने गाभण राहण्याची त्यांची वेळ अजून आलेली नसते. २१ जूननंतर रात्र रोज काही सेकंदांनी, मग मिनिटाने वाढत जाईल. गोठ्यात ते कोणाला जाणवणार नाही. म्हशीच्या डोक्यातल्या त्या छोट्या ग्रंथीला मात्र ते रोज कळत राहील. तोवर तिला विकलं नसेल, तर दिवाळीच्या सुमारास उत्तर ती स्वतःच देईल.